मास्क ऐच्छिक आहे

जहाजावरच्या कर्ण्यातून रोज सकाळी एक गोड आवाज यायचा. आवाजाची मालकीण कुणी पाहिली नव्हती. पण तो इतका गोड होता की त्याने ‘जहाज बुडत आहे’ असं सांगितलं असतं, तरी लोकांनी आधी ‘थँक्यू’ म्हटलं असतं आणि मग आरडाओरडा केला असता. हा आवाज त्या दिवशीचा मास्कचा नियम सांगे, आणि तो नियम कालच्या नियमाशी कुठलंही नातं ठेवत नसे. आधी मास्क फक्त बंद जागेत होता. मग उघड्या डेकवरही आला, पण जोराचा वारा असेल तर नको. जेवणाच्या हॉलमध्ये घास घेताना काढायचा आणि चावताना लावायचा. पोहण्याच्या तलावात नको, पण तलावाच्या शिडीवर हवा. त्यामुळे साठी उलटलेली माणसं शिडी टाळून काठावरून धबाधबा उड्या मारू लागली आणि जहाजाच्या डॉक्टरला कमरेचे पेशंट मिळू लागले.

लोक चिडले. चिडलेल्यांचे पुढारी होते एक दाढीवाले वकील. आयुष्यभर जोपासलेली दाढी मास्कखाली चुरगळून पडते, हे त्यांचं खरं दुःख होतं. पण ते त्यांनी मूलभूत हक्कांच्या खाली लपवलं होतं. “नाक दाबलं की तोंड उघडतं, अशी म्हण आहे,” ते प्रत्येक टेबलापाशी उभे राहून म्हणत, “इथे दोन्ही दाबलीत. आता न्याय मागायचा कुठून?” लोक मान डोलावत आणि पुढचा घास घेण्यासाठी मास्क काढत.

शिवणाच्या बाईंना मात्र या भानगडीचा फारसा त्रास झाला नाही. शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात त्यांची उमर गेली होती, आणि ती बरीचशी ओठांत टाचण्या धरून गेली होती. तोंड बंद ठेवण्याचा त्यांना सराव होता. जहाजावर वाटलेले निळे मास्क पाहून त्या एवढंच म्हणाल्या, की ही शिवण माझ्या सहावीतल्या मुलीने घातली असती तर मी उसवायला लावली असती.

त्रास झाला तो त्यांच्या यजमानांना. हे वजनमापांचे निरीक्षक. निवृत्त झाले होते, पण निरीक्षण सुटलं नव्हतं. टेबलावर पाव आला की ते तो तळहातावर तोलत आणि किती ग्रॅमने कमी आहे ते सांगत. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून दोन्ही कानांत मशीन होती. मास्कची दोरी आणि कानाचं मशीन एकाच जागेवर हक्क सांगू लागले, की काय होतं ते पहिल्याच जेवणात दिसलं. निरीक्षकांनी घासासाठी मास्क ओढला, आणि डाव्या कानातलं मशीन उडून शेजारच्या टेबलावरच्या वकिलांच्या सुपात पडलं. वकिलांनी ते चमच्याने काढून परत दिलं, पण तो चमचा पुरावा म्हणून ठेवून घेतला. त्यानंतर निरीक्षकांनी दोन्ही मशीन पुसून डबीत घातली आणि डबी केबिनच्या खणात ठेवली. “नाहीतरी ऐकण्यासारखं कोण बोलतंय?” ते बाईंकडे बघून म्हणाले.

तेव्हापासून बाई बोलत आणि निरीक्षक मान हलवत. त्यांच्याकडे माना दोनच होत्या. एक ‘नाही’ची आणि एक ‘मुळीच नाही’ची.

शेजारच्या केबिनमध्ये निरीक्षकांची धाकटी बहीण होती, म्हणजे बाईंच्या वन्सं. त्या म्हणाल्या, “वहिनी, दादाला ऐकू येत नाही हे एका परीने बरंच आहे. त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलता येतं.”

मग जहाज एका बंदराला लागलं. उतरताना सगळ्यांना नवा निळा मास्क आणि पांढरी टोपी मिळाली. टोपी सक्तीची, म्हणजे आपली माणसं गर्दीत ओळखू येतील. झालं असं, की आपली माणसं सोडून बाकी सगळी ओळखू येऊ लागली. शिडीवर कार्ड दाखवायचं होतं. यंत्राजवळ कार्ड नेलं की ‘टिंग’ असा आवाज होई आणि पडद्यावर आपला फोटो येई. पहारेकरी फोटोकडे पाही, मग मास्ककडे पाही, आणि ‘चला’ म्हणे. निरीक्षकांचं कार्ड बाईंच्याच पर्समध्ये असे. जगाची वजनं तपासणारा हा माणूस स्वतःच्या चाव्या, छत्र्या आणि पाकिटं सांभाळू शकत नसे, त्यामुळे लग्न झाल्यापासून त्यांचं सगळं बाईंच्या पर्समध्ये. बाईंनी दोन्ही कार्डं लावली. टिंग, टिंग.

धक्क्याजवळ बाजार होता. निरीक्षक एका फळवाल्याच्या तराजूपाशी थबकले आणि वाकून काटा बघू लागले. बाई दोन दुकानं पुढे कापड बघत राहिल्या. तेवढ्यात भोंगा झाला, पांढऱ्या टोप्यांची एकच धांदल उडाली, आणि बाई मागे वळून म्हणाल्या, “अहो, चला.”

आता ‘अहो’ हे कुणाचंही नाव नाही. पण बाईंनी इतक्या वर्षांत नवऱ्याला दुसरी हाक मारली नव्हती, आणि कधी गरजही पडली नव्हती. त्या हाकेला एक पांढरी टोपी वळली. मास्कच्या वाफेने चष्मा धुरकटलेला. बाईंनी दंड धरला आणि त्याला गर्दीतून ओढत शिडीपर्यंत आणलं. टिंग, टिंग. पहारेकरी म्हणाला, “चला.”

जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर पांढऱ्या टोप्या घातलेली पाच-सात माणसं दोन्ही हात वर करून हलवत होती. किती प्रेमळ लोक, ओळख ना पाळख, असं वन्संना सांगून बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि तोही हलवला.

त्या संध्याकाळी गोड आवाजाने सांगितलं, की काही प्रवाशांना खोकला झाला आहे. आता मास्क केबिनमध्येही लावायचा, झोपतानाही. जेवण केबिनमध्येच येईल, आणि जेवताना एकाने दुसऱ्याकडे पाठ करून बसावं. वकिलांनी या नियमाविरुद्ध दाराच्या फटीतून भाषण केलं. बाईंना हसू आलं. पाठ करून जेवायला नियम कशाला लागतो? त्यांच्या घरी ती पद्धत मुलगी सासरी गेल्यापासून होतीच.

केबिन लहान. दोन अरुंद पलंग, मधे खण असलेलं टेबल, एक गोल खिडकी. निरीक्षक दमले असावेत असं बाईंना वाटलं, कारण त्यांनी आल्याबरोबर टॉवेल मोजले नाहीत. उलट ओला टॉवेल नीट घडी घालून दांडीवर टाकला. नंतर किटलीत पाणी तापवून चहा केला आणि पहिला कप बाईंच्या बाजूला सरकवला. बाईंनी कपात वाकून पाहिलं. पहिला कप त्यांच्या वाट्याला येण्याची ही पहिलीच वेळ. रंग चहाचाच होता.

मानेतही फरक पडला. बाई काही सांगू लागल्या की मान हळूच हले, वरून खाली. ही मान बाईंनी लग्नाच्या वेळी पाहिली होती, नंतर नाही. समुद्राची हवा मानवली असेल, असं त्यांनी ठरवलं. डोळ्यांत बघून खात्री करावी, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. चष्म्यावर वाफ होती हे खरं, पण वाफ नसती तरी ती सवय दोघांपैकी कुणालाच उरली नव्हती.

वन्सं दारातून डोकावून गेल्या. “दादा सुधारला गं,” त्या म्हणाल्या. “लहानपणी अस्साच होता. मधे बिघडला होता.” मधे म्हणजे कधी, असं बाईंनी विचारलं नाही. मधे म्हणजे लग्नानंतर, हे वन्संच्या सुरातच होतं.

एका दुपारी बाई खिडकीशी बसून बटण टाचत होत्या. बाहेर डेकवरून वन्सं नवी टोपी घालून चालल्या होत्या, तुरा लावलेली. बाई स्वतःशीच, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, “आल्या वन्सं. वर तुरा, खाली तोरा.”

मागून कुणीतरी हसलं.

हसू मोठं नव्हतं. मास्कआडून आलेलं, मऊ, ऐकून झाल्यावर माणूस हसतो तसं. बाईंची सुई जागच्या जागी थांबली. त्यांनी वळून न बघता हात लांब केला आणि खण ओढला. डबी होती. उघडली. दोन्ही मशीन एकमेकांना टेकून आत झोपलेली होती.

मग त्या वळल्या. समोरच्या पलंगावर तो माणूस बसला होता. निरीक्षकांचा निळ्या रेघांचा शर्ट, तो बाईंनीच शिवलेला. निरीक्षकांचा डावा हात लहानपणी झाडावरून पडून मोडला होता आणि बसवणाऱ्याने तो घाईत बसवला होता. तो उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. दुकानातला शर्ट त्यांना कधी बसला नाही. बाई त्यांची डावी बाही दोन बोटं दुमडून आत टीप मारत. आणि आता त्या बाहीची कड मनगटाच्या दोन बोटं वर होती. पूर्ण वाढलेलं, धडधाकट, अनोळखी मनगट बाहेर आलं होतं.

सुई बाईंच्या बोटात गेली. त्यांना ती लागली नाही. माणसाने हळूच उठून टेबलावरचा कागदी रुमाल त्यांच्यापुढे धरला, आणि परत जाऊन आपल्या जागी बसला.

बाई ओरडल्या नाहीत. शाळेत साप निघाला तेव्हाही त्या ओरडल्या नव्हत्या. वर्ग सोडून दिला होता आणि दार लावून घेतलं होतं. पण इथे दार लावलं तर आपण आतच राहतो, हा फरक त्यांच्या लक्षात आला. त्या त्याच्यासमोर बसून राहिल्या. डोक्यात एकच चित्र फिरत होतं. धक्का, दोन्ही हात वर करून हलवणारी माणसं, आणि त्यांना प्रेमाने हलवून दाखवलेला स्वतःचा रुमाल.

तेवढ्यात गोड आवाज आला. आनंदाची बातमी होती. खोकला गेला. उद्या सकाळी आपण परतीच्या वाटेवर त्याच बंदराला पुन्हा लागत आहोत. आणि उद्यापासून सर्वांनी मास्क काढायचे आहेत. पूर्णपणे. सर्वांचे हसरे चेहरे पाहायला आम्ही उत्सुक आहोत.

बाईंनी समोर पाहिलं. त्या माणसाने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, निकाल ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासारखे.

बाई उठल्या आणि चौकशीच्या खिडकीकडे गेल्या. माझा नवरा मागे राहिला आहे, एवढंच वाक्य सांगायचं होतं. ते त्यांनी जिन्यावर तीनदा घोकलं. खिडकीपाशी पोचल्या तर ही मोठी रांग. पुढे वकील होते. बाईंना वाटलं, विजयसभा असणार. पण वकील काचेवर बोट आपटून सांगत होते, की मास्क काढायची सक्ती म्हणजे मूलभूत हक्कांवर घाला आहे. चेहरा हा माणसाचा खाजगी मामला आहे. तो दाखवायचा की नाही हे सरकारनेही ठरवू नये, मग जहाजाने काय ठरवायचं? रांगेतले सगळे मान डोलावत होते. पहिल्या दिवशी डोलावली होती तीच माणसं, तितकीच जोरात.

बाईंच्या पुढे एक लोकर विणणारी बाई उभी होती. तिने सुया न थांबवता मान वळवली.

“तुम्हीसुद्धा राहू द्या म्हणायलाच आलात ना?”

बाई म्हणाल्या, मी जरा वेगळ्या कामाला आले आहे.

“आमच्याकडे हल्ली फार शांतता आहे,” ती बाई म्हणाली. “भांडण नाही की काही नाही. कालच मला विचारलं, पाय दुखतात का म्हणून.” सुया थोडा वेळ नुसत्याच टकटकल्या. “सुखासुखी मोडायची कशाला?”

बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. सगळे दुसऱ्याच्या पाठीकडे बघत उभे होते, आणि कुणी कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. वकील निघून गेल्यावर एवढी माणसं असून श्वासांखेरीज आवाज नव्हता, आणि तेही कापडातून गाळून येत होते.

पाळी आल्यावर बाईंनी ‘मागे राहिले आहेत’ एवढंच म्हटलं, आणि खिडकीतल्या मुलीने त्यांचा केबिन नंबर विचारला. पडद्यावर दोन हिरवे ठिपके आले.

“आपण दोघंही जहाजावर आहात,” ती म्हणाली. “मग राहिलं कोण?”

बाईंनी तोंड उघडलं. मास्कचं कापड आत ओढलं गेलं आणि बाहेर आलं. बंदरावरून चौकशी आली असेलही, पण जहाजाचा हिशेब पुरा होता, आणि पुऱ्या हिशेबाला कसली चौकशी आणि कसलं काय?

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “पांढरा दोरा मिळेल का?”

केबिनमध्ये तो माणूस तसाच बसला होता. चहा झाकून ठेवलेला. बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“माझ्याबरोबर का आलात?”

“तुम्ही ‘चला’ म्हणालात,” तो म्हणाला. आवाज साधा होता, कुणाचाही असावा असा. मग म्हणाला, “इतक्या हक्काने बरेच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.”

“आणि तुमची माणसं?”

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. “आमच्या हिनेही कुणाला तरी म्हटलंच असेल. ती काही रिकाम्या हाताने परत येणारी नाही.”

बाईंना सगळं जहाज डोळ्यांसमोर दिसलं. एकामागोमाग एक केबिन, आणि प्रत्येकीत दोन पाठी, दोन कप, आणि नीट घडी घातलेला टॉवेल. आता कुणी एकाने खरं सांगितलं, तर सगळ्यांनाच सांगावं लागेल.

बाई दारापासून हलल्या. मग कात्री घेतली आणि त्याच्यासमोर बसल्या.

“हात पुढे करा. डावा.”

त्यांनी बाहीच्या आतली टीप उसवली. दुमड सुटली आणि बाही मनगटावर उतरली. कडेला जुन्या दुमडीची रेघ राहिली होती. ती त्यांनी नखाने दाबून पाहिली, जाईना. खालची कड पांढऱ्या दोऱ्याने पक्की केली.  काम संपल्यावर बाईंनी सवयीने दोरा दाताने तोडायला मान वाकवली, मधे मास्क आला, आणि त्यांनी कात्री वापरली.

सकाळी गोड आवाज जरा चाचरला. प्रवाशांच्या भावना लक्षात घेऊन, तो म्हणाला, मास्क आता ऐच्छिक आहे. ज्यांना काढायचा त्यांनी काढावा.

जहाज बंदराला लागत होतं. सगळे डेकवर कठड्याशी उभे होते आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. सक्ती उठली होती. ऊन छान पडलं होतं. वकिलांनी तर एकावर एक दोन लावले होते, आणि दाढीचं दुःख त्यांना आता आठवतही नसावं. बाई कठड्याशी होत्या, उजवीकडे वन्सं, डावीकडे तो. पर्समध्ये डबी होती.

धक्क्यावर पांढऱ्या टोप्या उभ्या होत्या. मळलेल्या. तीच पाच-सात माणसं, त्यांत दोन बायका. कुणी हाका मारत नव्हतं. नुसते दोन्ही हात वर करून हलवत होते. त्यांतल्या एकाचा डावा हात उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता.

“हाच दादा आहे हं आपला,” वन्सं समोर बघत, एकदम स्वच्छ आवाजात म्हणाल्या, आणि बाईंना ओलांडून त्या माणसाच्या दंडावर थोपटलं. “वहिनी, ऊन लागतंय. आत जाऊ या.”

बाई आत गेल्या नाहीत. दोर टाकायला एक खलाशी शिडीने खाली उतरत होता. बाईंनी त्याला डबी दिली आणि डाव्या हाताने आखूड असलेल्या गृहस्थांना द्या म्हणून सांगितलं. खलाशाने दिली. निरीक्षकांनी डबी आधी तळहातावर तोलली. उघडून मशीन कानांत घातली. आणि मग वर पाहिलं.

कठड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळे मास्क आणि पांढऱ्या टोप्या. त्यांत आपली बायको कोणती? ते एका टोकापासून शोधू लागले, एकही न गाळता. त्यांच्या तपासणीतून आजवर एकही तराजू सुटला नव्हता.

“अहो!” बाईंनी हाक मारली.

धक्क्यावरच्या सगळ्या पुरुषांनी वर पाहिलं. आणि डेकवरचे सगळे पुरुष बाईंकडे वळले.

नाव घेऊन हाक मारता आली असती. बाईंनी जीभ उचलून पाहिली. ते नाव त्यांनी लग्नात एकदा, हसत हसत घेतलं होतं. त्यानंतर ते कागदांवर होतं, दारावर होतं, जिभेवर नव्हतं. मग दुसरा एकच उपाय उरला. मास्क ऐच्छिक होता. बाईंनी कानामागे हात नेला आणि दोरी सोडवली.

ओठांना, गालांना वारा लागला. शेजारची माणसं झटकन दुसरीकडे बघू लागली, कुणी भर चारचौघांत लुगडं सोडावं तशी. वन्संनी डोळ्यांवर हात घेतला. अख्ख्या जहाजावर एकच चेहरा उघडा होता, आणि तो बाईंचा होता.

निरीक्षकांची नजर मास्कामागून मास्क करत सरकत आली. बाईंच्या चेहऱ्यावर थांबली. पाव तोलताना थांबत असे तशी, नीट, शांतपणे थांबली. बाईंनी किंचित हसून पाहिलं.

मग ती नजर पुढच्या मास्ककडे सरकली.

ती तिथून कठड्याच्या शेवटापर्यंत गेली, आणि पुन्हा सुरुवातीपासून निघाली. दुसऱ्या खेपेला बाईंच्या चेहऱ्यावर ती थांबलीही नाही.

प्रवाशांतलं कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही. चढायला कार्ड लागतं. दोर सुटले. गोड आवाजाने सांगितलं, की सर्व प्रवासी जहाजावर आहेत, हिशेब जुळला आहे, आणि आपला प्रवास सुखाचा होवो. धक्का हळूहळू लांब गेला. निरीक्षक अजून शोधत होते. मग त्यांनीही बाकीच्यांसारखे दोन्ही हात वर केले आणि साऱ्या जहाजाला मिळून हलवले.

बाईंनी रुमाल काढला. हलवला. मग मास्क परत लावला, दोरी दोन्ही कानांमागे नीट बसवली, आणि नाकावरची पट्टी दाबली.

शेजारच्या माणसाने पहिल्यांदाच आपणहून काही विचारलं. कानामागे बोट नेऊन, अदबीने.

“मी काढू का?”

बाईंनी त्याच्या डाव्या बाहीकडे पाहिलं. ती मनगटावर अगदी बेताची बसली होती.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “वारा गार आहे.”